वडीलच प्रशिक्षक असतात तेव्हा

वर्ध्याहून नागपूरला जाताना जामठ्यापाशी विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानाचे प्रकाशमनोरे दिसू लागले की बसमधील मुले खिडकीकडे सरकतात. याच मैदानावर मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्धच्या अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. पहिला करंडक १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या मैदानावर दिल्लीला हरवून मिळाला होता. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातील उन्हाळ्याच्या सुट्टीचा रंग पालटलेला मी पाहतो आहे. परीक्षा संपल्या की मुले मामाच्या गावी जात, ती आता पहाटे पाचला उठून पांढऱ्या कपड्यांत शाळेच्या पटांगणावर हजर होतात. आर्वी, पुलगाव, देवळी, हिंगणघाट, कुठेही जा, एका कोपऱ्यात जाळी लावलेली असते.

तालुक्याच्या गावी पगारी प्रशिक्षक सहसा मिळत नाही. म्हणून दहा-पंधरा मुलांचा तो चमू कुणातरी एकाच्या वडिलांच्या स्वाधीन होतो. ते बँकेत असतात, शाळेत शिकवतात किंवा कृषी केंद्र चालवतात. महाविद्यालयात असताना चार सामने खेळलेले असतात आणि खेळावर मनापासून प्रेम असते. त्यांच्या मदतीला बहुधा एखादे निवृत्त आजोबा असतात, पंचाची टोपी घालून किंवा गुणांची वही मांडीवर घेऊन. या सर्वांविषयी मला आदर आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोबाइलच्या या दिवसांत तो तास कोणतेही औषध देऊ शकत नाही, तो हे गृहस्थ देतात.

तरीही हा लेख मी त्या वडिलांना उद्देशून लिहीत नाही. सायंकाळी ते मैदानावर असतात. घरी असतात ते आजी-आजोबा, आणि माझे म्हणणे त्यांच्याशीच आहे. मुलाचे वडील जेव्हा त्याचे प्रशिक्षक होतात, तेव्हा त्या मुलाची दुखणे सांगण्याची एक जागा नाहीशी होते. बाहेरचे प्रशिक्षक रागावले, जास्त पळवले, अंग दुखू लागले, तर मूल घरी येऊन बाबांना सांगते. बाबाच प्रशिक्षक असतील तर ते कुणाला सांगणार?

मागील हिवाळ्यातील एक उदाहरण देतो. मुलगा बारा वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा, वडिलांच्याच चमूतील. त्याला घेऊन आल्या त्या आजी. त्यांची तक्रारही विलक्षण होती. "डॉक्टरसाहेब, हा आता फडताळावरचा लाडवाचा डबा मला काढायला सांगतो," एवढेच त्या म्हणाल्या. वर हात करून किंचित मागे वाकले की त्याच्या कमरेत, डाव्या बाजूला, कळ येत होती. दीड महिना हे चालले होते. आजोबांना त्याने एकदा सांगितले होते, पण सोबत अटही घातली होती, "आबाजी, बाबांना सांगू नका, ते मला संघातून काढतील." आजोबांनी तिळाचे तेल लावून दिले आणि शब्द पाळला.

मी त्याला एका पायावर उभे करून मागे वाकायला लावले. त्याचा चेहराच बोलला. क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही, आणि अशा प्रकारात सुरुवातीला ते दिसतही नाही. एमआरआयमध्ये कमरेच्या खालच्या मणक्याच्या मागील कमानीत हाडाला ताणाने पडू लागलेला तडा स्पष्ट झाला. याला आम्ही स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. वेगवान गोलंदाज चेंडू सोडण्याच्या क्षणी कंबर मागे वाकवतो, एका बाजूला झुकवतो आणि पिळतो, तेही पुढच्या पायावर शरीराचा सारा भार आदळत असताना. उजव्या हाताच्या गोलंदाजाला हे दुखणे बहुधा डावीकडे होते, ते त्यामुळेच. पक्के हाड हा मारा काही काळ सोसते. वाढीच्या वयातील हाड लांबीने आधी वाढते, त्याची बळकटी मागाहून येते. त्या मधल्या दोन-तीन वर्षांत ते थकते, आणि थकलेल्या हाडाला विश्रांती मिळाली नाही तर ते तडकते. वेळेवर कळले तर तीन ते सहा महिने गोलंदाजी बंद ठेवून आणि पोटा-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम करून बहुतेक मुले पूर्ववत होतात. न कळले तर तो तडा जन्मभर सोबत राहू शकतो.

त्या मुलाचे वडील निर्दय होते असे कुणी समजू नये. ते चकित झाले होते. त्यांच्या हिशेबाने मुलगा सकाळी फक्त आठ षटके टाकत होता. आम्ही कागद घेऊन बसलो तेव्हा उरलेला हिशेब पुढे आला. सकाळी वडिलांकडे आठ षटके, दुपारी शाळेच्या संघाच्या सरावात पाच-सहा, आणि सायंकाळी गल्लीत मित्रांबरोबर टेनिसच्या चेंडूने मोजदाद नसलेली. बेरीज वीस-पंचवीस षटकांच्या घरात जात होती, आठवड्यातून सहा दिवस. प्रत्येक ठिकाणचा मोठा माणूस आपल्यापुरते बरोबर होता. बेरीज कुणीच करीत नव्हते.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने या बाबतीत आकडे घालून दिले आहेत आणि ते आपल्याकडेही वापरण्याजोगे आहेत. तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने एका दमात ५ षटकांहून अधिक आणि दिवसभरात १० षटकांहून अधिक टाकू नयेत. चौदा-पंधराव्या वर्षी हेच आकडे ६ आणि १२ होतात. यात सरावातील चेंडू धरावेत, गल्लीतलेही धरावेत. घरात आजोबांच्या हाती वेळ असतो आणि जुन्या पिढीला हिशेबाची सवय असते. कॅलेंडरच्या चौकोनात रोजची षटके लिहून ठेवावीत, दुधाचा हिशेब लिहितो तसा. आठवड्यातून किमान दोन दिवस तो चौकोन रिकामा दिसला पाहिजे.

आजी-आजोबांनी नजर ठेवावी अशा आणखी काही गोष्टी आहेत. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा येऊन तो दाबल्यावर दुखतो का, मूल सकाळी टाच टेकवण्याचे टाळून चवड्यावर चालते का, चेंडू फेकताना खांदा किंवा कोपर धरते का. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांत स्नायूबंध हाडाला जिथे जोडलेले असतात ते वाढीचे टोक मऊ असते आणि अतिश्रमाने सुजते. यातील बहुतेक दुखणी खेळ कमी केल्यावर आपोआप शमतात, घाबरण्यासारखे काही नसते. मात्र पडल्यावर मनगट किंवा घोटा सुजला आणि मूल तो हलवू देत नसेल, तर 'लचकले असेल' म्हणून चोळत बसू नये. मोठ्या माणसाचा स्नायूबंध जिथे ताणला जातो, तिथे लहान मुलाची वाढीची चकती मोडते. चोळण्याने ती सरकू शकते. तेल हलक्या हाताने लावण्यास माझी हरकत नाही, ते प्रेमाचे काम आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली पाठदुखी, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा दुखण्यासोबत ताप, यांवर तेल हा उपाय नव्हे. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देऊन मुलाला उतरवण्याची एक नवी रीत दिसू लागली आहे. ती सर्वथा चुकीची आहे. गोळीने हाड जुळत नाही, धोक्याची सूचना तेवढी बंद होते. शिवाय उन्हात घाम गाळून शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात.

थोडे साहित्याविषयी. पुढच्या वर्षीही चालावी म्हणून दोन माप मोठी बॅट घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, शाळेचा गणवेश घेतो तशी. जड बॅटने मुलाचे मनगट व खांदा दुखतो आणि तंत्रही बिघडते. चेंडूचेही तसेच. मोठ्यांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, तर तेरा वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा लहान चेंडू मिळतो. बावीस यार्डांची खेळपट्टी ही वीस-पंचवीस वर्षांच्या माणसाच्या बळाचे माप आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी ती चार यार्डांनी आखूड करावी. चुना आणि दोरी यांखेरीज त्याला काही खर्च नाही.

पालक-प्रशिक्षक असलेल्या घरांतून मोठे खेळाडू घडले आहेत, हे मला ठाऊक आहे आणि वडील मंडळी ते मला ऐकवतातही. जेमिमा रॉड्रिग्सचे वडील आयव्हन हेच तिचे पहिले प्रशिक्षक. ते तिच्या शाळेत शिकवत आणि मुलींचा संघही त्यांनीच उभा केला. तिने २०२५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या, तेव्हापासून आमच्याकडेही मुलींच्या हाती बॅट दिसू लागली, ही फार चांगली गोष्ट झाली. सांगलीच्या स्मृती मानधनाचे घर मला अधिक शिकण्याजोगे वाटते. भाऊ श्रवण खेळत असे, त्याचे पाहून ती खेळू लागली आणि नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात गेली. त्या घरात कामे वाटलेली होती. वडिलांनी तिचे वेळापत्रक सांभाळले, आईने आहार, भावाने सरावात चेंडू टाकले. मुलीला एकाच माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून जगावे लागले नाही. सचिन तेंडुलकरचे वडील तर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. त्यांनी मुलाला खेळ शिकवला नाही. १९८४ मध्ये मोठा भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला.

आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत आणि बाद न होता सराव संपवला तर ते सचिनला मिळे, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. सर कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत, हेही सचिनने निरोपाच्या भाषणात सांगितले. आमचे पालक पहिली गोष्ट विसरतात आणि दुसरीच उचलतात. सरांचे ते मौन मैदानावर संपत होते. घरी दुसरी माणसे होती, जेवण होते, वडिलांच्या कविता होत्या. बापाचे मौन मात्र मोटारसायकलवर सोबत येते, ताटावर बसते आणि रात्री शेजारी झोपते. शून्यावर बाद झालेल्या दहा वर्षांच्या मुलाला घरी परतताना त्याच्या चुकांचे विवेचन ऐकवू नये. त्याला त्या चुका तोंडपाठ असतात. अशा वेळी आजीने पुढे व्हावे, पाणी द्यावे, आणि किती धावा केल्या हे न विचारता भूक लागली का हे विचारावे. पोटदुखी, डोकेदुखी, सामन्याच्या सकाळी ओकारी, अंथरूण पुन्हा ओले होणे, या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांत मी अलीकडे खेळाचे वेळापत्रक विचारू लागलो आहे. उत्तर पुष्कळदा तिथे सापडते.

आपल्याच मुलाला सलामीला पाठवणारे वडील असतात, तसे पक्षपाताचा बोल लागू नये म्हणून आपल्याच मुलाला सर्वांत कठोर शिक्षा करणारेही असतात. दुसरा प्रकार मला अधिक आढळतो. त्यावर एक साधी व्यवस्था आहे: स्वतःच्या मुलाची निवड व फलंदाजीचा क्रम सहकाऱ्याने किंवा त्या टोपीवाल्या आजोबांनी ठरवावा. संघ निवडण्यावरून एक जुनी गोष्ट आठवली, ती वर्ध्याची म्हणून सांगतो. मुंबईत धर्मावर संघ पाडून पंचरंगी सामने होत. ते खेळावेत की नाही हे विचारण्यासाठी डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी गांधीजींकडे वर्ध्याला आले होते, आणि गांधीजींनी असे सामने बंद व्हावेत असा कौल दिला. खेळातला संघ खेळावरूनच पडावा, हा विचार आपल्या मातीत बोलला गेला आहे; चमूत वस्ती-वस्तीचे गट पडू लागले तर वडीलधाऱ्यांनी त्याची आठवण द्यावी.

आता डोक्याच्या दुखापतीविषयी, कारण इथे हयगयीला जागा नाही. बडोद्याचे अंशुमन गायकवाड, स्वतः कसोटीपटूचे चिरंजीव, १९७६ मध्ये किंग्स्टनच्या सामन्यात कानावर चेंडू बसून जखमी झाले आणि कानाचा पडदा फाटला. तेव्हा शिरस्त्राणे नव्हती. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्याला फलंदाजाच्या अगदी जवळ शिरस्त्राणाविना क्षेत्ररक्षण करताना कपाळावर चेंडू लागून दगावले. लेदरचा चेंडू असेल तर फलंदाज आणि यष्टिरक्षक दोघांनाही जाळीचे हेल्मेट हवे. तेरा वर्षांखालील मुलाला फलंदाजापासून अकरा यार्डांच्या आत उभे करू नये. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, चक्कर आली, ओकारी झाली किंवा नुसते 'कसेसे' वाटते म्हणाले, तरी त्या दिवशी त्याचा खेळ संपला. वाढती डोकेदुखी, पुन्हापुन्हा ओकारी, झोपाळलेपणा किंवा झटका आला तर रात्र असली तरी सेवाग्राम किंवा सावंगी गाठावे. टेनिसचा चेंडू मऊ म्हणून निर्धास्त राहू नये, डोळ्यावर जोरात बसला तर आत रक्तस्राव होतो. दृष्टी धूसर झाली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. पक्का दात मुळासकट पडला तर तो मुळाला हात न लावता उचलावा, घासू नये, दुधात बुडवून मुलासह तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे.

आमच्या उन्हाचे वेगळे सांगायला नको. मे महिन्यात ४५ अंश ही वर्ध्यात बातमी होत नाही. सराव सकाळी साडेसातला संपावा आणि सायंकाळी साडेपाचच्या आत सुरू होऊ नये. मामाकडून थंड हवेतून आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी पूर्ण सराव देऊ नये, शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो वा न लागो. कैरीचे पन्हे उत्तम, मीठ घातलेले ताक उत्तम. ओआरएसचे पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात पूर्ण विरघळवावे. खिशातील कांद्याने काही होत नाही, अपायही होत नाही, पण डोक्यावरच्या ओल्या दुपट्ट्याचा उपयोग खरा. अंग तापलेले आणि मूल असंबद्ध बोलू लागले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तसेच थंड करीत रुग्णालयात न्यावे. अशा तापाला पॅरासिटामॉल लागू पडत नाही, आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

हे सारे त्या पंचाच्या टोपीखालच्या आजोबांनाही लागू आहे, किंबहुना अधिक. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी व क्षार आधीच बेताचे असतात. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्यांनी उन्हातील श्रम सोसण्याची ताकद कमी होते. या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, उन्हाळा लागताना आपल्या डॉक्टरांना 'मी रोज दोन तास मैदानावर असतो' एवढे सांगून मात्रा तपासून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी न खाता मैदानावर जाऊ नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम आला तर ती लगेच तोंडात टाकावी, मग बसावे. इन्सुलिनची कुपी दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवू नये. पंचाला तासन्‌तास उभे राहावे लागते, ते गुडघ्याला चालण्यापेक्षा जड जाते. दर पाच षटकांनी बाजूची खुर्ची वापरण्यात कमीपणा नाही. मुलांना चेंडू टाकून दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. साठीनंतर अचानक हात फिरवला तर खांद्याचा स्नायूबंध फाटतो, आणि तो मुलांच्या हाडासारखा लवकर भरून येत नाही.

आमच्याकडील मैदानांना कुंपण नसते. पटांगण संपले की शेत सुरू होते, आणि उंच फटका पऱ्हाटीत किंवा तुरीत जातो. सायंकाळी तिथे चप्पल घालून, हात घालून चेंडू शोधू देऊ नये. नाग, मण्यार, घोणस यांचीही ती बाहेर पडण्याची वेळ असते. बूट घालून, काठीने पाने हलवत, दिवेलागणीच्या आत शोधावा, नाहीतर चेंडू सोडून द्यावा. दंश झालाच तर कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये; तो अवयव न हलवता मुलाला प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. आणि जूनच्या सुरुवातीला काळे ढग येऊन गडगडाट ऐकू आला की सामना कितीही रंगात असो, मुलांना झाडाखाली न थांबवता शाळेच्या पक्क्या इमारतीत न्यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच बसवावे. तोवर गुणांची वही आजोबांनी वाचून दाखवावी. कुणाची किती षटके झाली हे त्या वेळी सर्वांसमोर मोजले जाते.